मॅपिंगची तारीख आणि देवगिरी एक्सप्रेस

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, स. न. वि. वि.

माझ्या मुलाला ऐकू यावं म्हणून सरकारी योजनेतून कॉक्लिअर, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं मशीन, बसलं. ते ऋण आहेच. गाऱ्हाणं आहे ते ऑपरेशननंतरचं.

कुकरची शिट्टी झाली की पोरगा डोक्यावरची कॉइल, म्हणजे मशीनची बाहेरची चकती, ओढून भिरकावायचा. दारात मळणीयंत्र आलं की तेच. हट्टी झालाय म्हणून मीही दोन धपाटे घातले. मशीनमध्ये वाढत्या आवाजाचे चार प्रोग्राम भरून दिले होते, एकेक वर चढवत न्या आणि तपासायला या म्हणून. चढवले आम्ही; तपासायच्या दोन तारखा मात्र हुकल्या. एकदा सोयाबीनची काढणी, एकदा पैसे.

शेवटी मुंबईला नेलं. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी आधी मोजलं. आतल्या 22 इलेक्ट्रोडपैकी एकातून बारीक करंट सोडायचा आणि नसेचा प्रतिसाद जवळच्याच दुसऱ्या इलेक्ट्रोडनं टिपायचा. सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात सगळं उरकतं. लेकरू मांडीवर झोपलेलं, तरी पडद्यावर रेघ खाली जाऊन वर येत होती! मग दुसऱ्या कानात रबरी टोक बसवलं. आवाज फार मोठा झाला की कानातला एक इवला स्नायू आपसूक आखडतो. मशीनचा आवाज किती वाढवला की तो आखडतो ते पाहिलं. आमचा चौथा प्रोग्राम त्याच्याही पुढं गेला होता. चार वर्षांचं लेकरू ‘जास्त होतंय’ हे सांगणार कसं? शब्द शिकावेत म्हणून तर मशीन बसवलं.

या मोजणीला ऑपरेशन थिएटर लागत नाही. लॅपटॉप, एक डबी, वायर, स्नायू तपासायचं छोटं यंत्र आणि ते जाणणारं माणूस. त्यासाठी परभणीहून देवगिरीनं रात्रभर जायचं, दिवसभर थांबायचं, पुन्हा रात्रीचा प्रवास. दोघांची मजुरी बुडते ती वेगळीच.

नांदेड, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत महिन्यातला एक दिवस मॅपिंगसाठी, म्हणजे असं मोजून मशीनचा आवाज बेतून देण्यासाठी, ठरवून द्या. प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं असतं, तेवढं खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवा. नाहीतर यंत्र येईल आणि आमच्या लेकराला चालणार नाही.

आता शिट्टी झाली की पोरगा कुकरकडं बोट करून ‘शी’ म्हणतो. पुढची तारीख पुन्हा काढणीतच आली आहे.

आपली,
एका लेकराची आई
जि. परभणी