तपासणी झाली म्हणून लिहिलंत, पण आमच्या घरी आलं कोण?

प्रति,
मॅनेजर साहेब,
गॅस एजन्सी, डोंबिवली पूर्व
(कॉपी कंपनीच्या एरिया ऑफिसला पण पाठवतेय)

विषय: टेस्टची तारीख उलटलेला, लीक सिलेंडर दिल्याबद्दल आणि न झालेली सेफ्टी तपासणी झाली म्हणून दाखवल्याबद्दल तक्रार

नमस्कार,

कनेक्शन माझ्या सासूबाईंच्या नावावर आहे, १९९६ पासूनचं. त्यांना मोबाईलवर एवढं टाइप करायला जमत नाही म्हणून मी लिहितेय, पण प्रत्येक ओळ त्यांना वाचून दाखवलीय. तुमच्या ऑफिसात मी दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा "लिहून द्या" एवढंच ऐकायला मिळालं, म्हणून आता सगळं सविस्तर लिहून देतेय, जरा मोठं होईल, पण पूर्ण वाचा ही विनंती.

९ ऑगस्ट, शनिवार, राखीपौर्णिमा. आदल्या रात्री गॅस संपलेला, नणंद आणि तिची मुलं जेवायला येणार, नारळ खवून ठेवलेला, नारळीभाताचे तांदूळ धुऊन निथळत ठेवलेले. साडेदहाच्या सुमारास तुमचा डिलिव्हरीचा मुलगा सिलेंडर घेऊन आला. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, तिसरा मजला, खांद्यावर घेऊन आला बिचारा, घामाने निथळत होता. मी म्हटलं वजन करून दे, तर म्हणाला ताई काटा गाडीवर नाहीये, सील बघून घ्या, सील ओके आहे. लीकेज चेक कर म्हटलं तर म्हणाला खाली गाडी अडकलीय, ट्रॅफिक झालंय. पाणी प्यायला आणि गेला. खरं तर तिथेच मी अडून बसायला हवं होतं, पण पाहुणे यायचे होते.

बाय द वे, ह्याच सिलेंडरचा "डिलिव्हर झाला" असा मेसेज ७ तारखेलाच आलेला. तुमच्या ऑफिसातून फोन आलेला, मोबाईलवर आलेला डिलिव्हरीचा कोड सांगा, गाडी निघतेय, आणि आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भाबडेपणाने सांगून टाकला. तो कोड सिलेंडर दारात आल्यावर द्यायचा असतो, त्यासाठीच तर ती सिस्टम आणलीय ना? मग दोन दिवस आधी कोड मागून घेण्याचं कारण काय? रेकॉर्डला ७ तारीख, घरात सिलेंडर ९ तारखेला.

तर सील काढलं, दोरी ओढून पांढरी टोपी काढली आणि फुस्स असा आवाज, एक क्षण वाटलं, होतं असं कधी कधी, पण आवाज थांबेचना, वास भसकन नाकात गेला. मी टोपी परत दाबायला लागले पण हात थरथरत होते, नीट बसेना. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जातो आणि जिथे ठिणगी मिळेल तिथे पेट घेतो, हे मला माहिती होतं म्हणून आधी ओरडले की कोणी बटणं दाबू नका. आणि तेव्हा लक्षात आलं की हॉलमध्ये देवापुढे निरांजन चालू आहे. दिवा कधी फुंकरीने विझवायचा नाही असं आई आम्हाला आयुष्यभर सांगत आल्या. त्या दिवशी त्यांनी स्वतः फुंकर मारून विझवला. ७४ वर्षांची बाई, गुडघे दुखतात, धावत गेल्या देवाजवळ. हे मी विसरू शकत नाहीये, म्हणून तुम्हालाही सांगतेय.

शेवटी टोपी बसली, आवाज बंद झाला, दारं खिडक्या उघडल्या, शेजारच्या काकांनी आणि मी मिळून सिलेंडर गॅलरीत नेऊन उभा केला. तुमच्या बिलावर जो इमर्जन्सी नंबर छापलाय तो मी चार वेळा लावला, रिंग वाजून वाजून बंद. मग १९०६ ला लावला, त्यांनी लगेच तक्रार घेतली आणि तासाभरात मेकॅनिक आला, त्या माणसाचे खरंच आभार. त्याने टॉर्च मारून वॉल्व्हच्या आत दाखवलं, गॅस अडवणारी आतली पिन नीट बसतच नव्हती. चार आण्याची वस्तू. सील लावण्याआधी प्लँटवर हे चेक व्हायला हवं, तिथून सुटलं तर गोडाऊनला, आणि तिथूनही सुटलं तर माझ्या दारात तुमच्या माणसाने टोपी काढून बघायला हवं. तीन जागा आहेत, तिन्ही जागी कोणी बघितलं नाही.

मग त्या मेकॅनिक दादांनी सिलेंडर फिरवला आणि वरच्या कड्याला धरणाऱ्या ज्या तीन पट्ट्या असतात त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला काय रंगवलंय ते दाखवलं. डी-२४. तुम्हाला सांगायला नको, पण कंपनीच्या ऑफिसात हे वाचणाऱ्याला आणि माझ्या सोसायटीतल्या लोकांना पण कळावं म्हणून लिहिते, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. म्हणजे हा सिलेंडर डिसेंबर २०२४ पर्यंतच चालवायचा, त्यानंतर तो बाजूला काढून टेस्टला पाठवायचा, पास झाला की नवीन तारीख रंगवून मगच परत भरायचा. आम्हाला तो ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाला. सव्वासात महिने तो भरत, फिरत, कोणाकोणाच्या ओट्याखाली बसून आला असेल देव जाणे. फोटो काढून ठेवलाय, सोबत जोडलाय, त्यात सिलेंडरचा नंबर पण दिसतोय.

मला आधी हे वाचता येत नव्हतं हे खरं आहे. एवढी वर्षं गॅस वापरतोय, एकदाही तुमच्याकडून कोणी सांगितलं नाही. आमच्या कामवाल्या मावशींना उज्ज्वलामधून कनेक्शन मिळालंय, एका खोलीत पाच माणसं राहतात, त्यांची शेगडी खाली जमिनीवर आणि सिलेंडर बाजूला उभा, शेगडी सिलेंडरपेक्षा उंचावर हवी हे त्यांना आत्ता माझ्याकडून कळलं. सरकारने कनेक्शन दिलं, चांगलंच केलं, चुलीच्या धुरातून सुटल्या त्या, पण ते कसं वापरायचं हे शिकवायचं काम एजन्सीचं आहे आणि ते कोणी केलेलं नाही.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे पत्र आहे.

मेकॅनिक दादांनी ओट्याखाली बघितलं आणि म्हणाले मॅडम, पाइप बदला, हा केशरी पाइप पाच वर्षांनी बदलायचा असतो, ह्याच्यावर २०१८ छापलंय. मी म्हटलं आम्हाला कोणी सांगितलंच नाही, तपासणीला कोणी आलंच नाही कधी. तर त्यांनी मोबाईलमध्ये बघून सांगितलं, तुमची पाच वर्षांची तपासणी तर १५ मार्चला झालेली दाखवतेय, सगळं ओके आहे म्हणून.

१५ मार्चला आमच्या घराला कुलूप होतं. आम्ही सगळे शिमग्याला गुहागरला होतो, १२ तारखेला गेलो ते १८ ला परत आलो, एसटीची तिकिटं आहेत, पालखी घरी आली त्याचे फोटो आहेत तारखेसकट. मग १५ मार्चला आमच्या स्वयंपाकघरात कोण आलं? कोणी रेग्युलेटर काढून बघितला, कोणी पाइपवरची तारीख वाचली आणि २०१८ चा पाइप ओके लिहिला?

१२ ऑगस्टला मी ऑफिसात येऊन तो फॉर्म मागितला. तुमच्या मॅडमनी आधी नाही म्हटलं, मग दाखवला. प्रत्येक प्रश्नापुढे टिक. पाइप योग्य, टिक. शेगडी उंचावर, टिक. ग्राहकाला माहिती दिली, टिक. आणि खाली सही, इंग्रजीत. आमच्या आई चौथीपर्यंत शिकल्यात, बँकेत, पोस्टात, मतदानाला, सगळीकडे आयुष्यभर मराठीत सही करत आल्यात, पूर्ण नाव लिहून, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ देऊन. इंग्रजीत त्यांना एक अक्षर लिहिता येत नाही. ती सही कोणाची आहे हे मला लेखी कळलं पाहिजे.

लीक कधी तरी होऊ शकतं, मशीन आहे, रबर आहे, माणसाच्या हातून सुटू शकतं, त्याबद्दल मी एवढी चिडले नसते. पण ह्या फॉर्मचा मला खरंच राग आलाय. तपासणीचा नियम कोणी तरी विचार करून केलाय, कुठे तरी कोणाचं घर जळल्यावर केलाय. पाच वर्षांतून एकदा एका जाणकार माणसाने घरात येऊन वाकून बघायचं, एवढंच त्यात आहे. ते न करता टिक मारली की वरच्या ऑफिसला वाटतं डोंबिवलीत सगळं व्यवस्थित आहे, आणि मग खरी तपासणी करायला पुढची पाच वर्षं कोणी येतच नाही, कारण रेकॉर्डला झालेली आहे! तपासणी बाकी आहे असं लिहिलं असतं तर निदान कोणी तरी कधी तरी आलं असतं. आणि उद्या काही झालं असतं तर विम्याच्या वेळी हाच फॉर्म पुढे आला असता, की बघा, सगळं ओके होतं, ग्राहकाची सही आहे.

मी आमच्या मजल्यावर विचारलं. चार घरं, चारही तुमचेच ग्राहक, चौघांकडेही कोणी आलेलं नाही. त्यांचे फॉर्म काय म्हणतात ते तुम्हीच बघून सांगा.

वजनाचं पण सांगायचं राहिलं. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही दुसरा सिलेंडर पाठवलात, तो मी खालच्या वाण्याच्या काट्यावर ठेवायला लावला. रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, १५.९ किलो होतं. त्यात १४.२ किलो गॅस धरला तर ३०.१ भरायला हवा, भरला २८.९. एक किलो दोनशे ग्रॅम कमी. वाण्याचा काटा आहे, तुम्ही म्हणाल तो चुकीचा असेल, मग तुमचा आणा ना. तुमच्याच ऑफिसच्या भिंतीवर बोर्ड आहे, डिलिव्हरीच्या वेळी वजन करून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे म्हणून, काउंटरच्या मागे, लाल अक्षरात. मी तो बोर्ड दाखवून काटा मागितला तर काउंटरवरचे म्हणाले एकच आहे, तो गोडाऊनला असतो.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. ह्या तक्रारीवरून त्या डिलिव्हरीच्या मुलाला कामावरून काढलंत तर मला ते अजिबात चालणार नाही. त्याला काटा तुम्ही दिला नाही, लीक बघायचं साधन तुम्ही दिलं नाही, आणि जिने चढून दिवसाला किती सिलेंडर टाकायचे ते पण तुम्हीच ठरवता. नियमाप्रमाणे प्रत्येक घरी वजन आणि चेकिंग करत बसला तर त्याचा निम्मा माल गाडीतच राहील आणि ओरडा त्यालाच बसेल. तेव्हा आधी त्याला काटा द्या, वेळ द्या, एक माणूस जास्त द्या.

माझं मागणं असं आहे की १५ मार्चचा तो फॉर्म रद्द करून आमच्याकडे खरी तपासणी करा आणि ती सही कोणी केली ते लेखी कळवा. आमच्या बिल्डिंगमधल्या आणि मावशींच्या चाळीतल्या सगळ्या कनेक्शनचे फॉर्म काढून बघा, जिथे माणूस गेला नाही तिथे आता पाठवा. तो डी-२४ चा सिलेंडर टेस्टला गेला का ते कळवा, आणि गोडाऊनला अजून तारीख उलटलेले किती पडलेत ते मोजा, कारण एकच तेवढा निसटून आमच्याकडे आला यावर माझा विश्वास बसत नाही. कमी भरलेला गॅस भरून द्या किंवा पैसे परत करा. आणि कोड फोनवर मागणं आजपासून बंद करा.

आठवडाभर वाट बघेन. नाही झालं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करणार, वजनाची तक्रार वैध मापन खात्याकडे वेगळी जाईल, आणि सहीचा विषय घेऊन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगात जायची पण आमची तयारी आहे. एजन्सी बदलून मिळते हे मला माहितीय, पण मी बदलणार नाही, कारण मी गेले तरी मावशी आणि बाकीची तीन घरं तुमच्याकडेच राहणार आहेत.

तपासणीला माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा, आई घरीच असतात, दुपारी एक ते चार झोपतात तेवढी वेळ सोडून कधीही चालेल. येताना त्याला ओळखपत्र आणि कोरा फॉर्म घेऊन यायला सांगा. तो एकेक गोष्ट बघेल तशी आमच्यासमोर भरेल, आणि मग आई सही करतील.

आपली,
ग्राहकाची सून
(ग्राहक क्रमांक, मोबाईल नंबर आणि फोटो सोबतच्या कागदावर)