कोलशेतची जीप घेऊ न देणाऱ्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. वागळे इस्टेटमधल्या गॅरेजवाल्यांना ओळख पटेलच. फोनवर आभार मानले तेव्हा तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून विषय बदललात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. इंजिन बदललेली जुनी जीप घ्यायला निघालेल्या कुणालाही तुमचं बोलणं उपयोगी पडेल.

कोलशेतची ती जीप देखणी होती यात शंका नाही. १९७२ची सीजे-३बी, उंच बॉनेटची, नवा हिरवा रंग, रुंद टायर. मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन काढून एका पिकअपचं टर्बो डिझेल बसवलेलं. मालक म्हणत होते, घाट टॉप गिअरमध्ये चढते, आणि पन्नास वर्षं उलटली आहेत, तेव्हा व्हिंटेज नंबरही मिळेल. मी मनातून गाडी घेतलीच होती.

तुम्ही आदल्या दिवशीच निरोप दिलात की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. आल्याआल्या इंजिनाच्या ब्लॉकवर हात ठेवून तो गार असल्याची खात्री केलीत. मग गाडी सुरू करून ऑईलचं झाकण उघडलंत, बॅक मारतंय का, म्हणजे तिथून धूर आणि दाब बाहेर येतोय का, ते पाहिलंत आणि मालकांसमोर स्वच्छ सांगितलंत, ‘इंजिन चांगलं आहे.’ सौदा मोडायचा असता तर तिथेच काहीतरी खुसपट काढता आलं असतं. तुम्ही ते केलं नाहीत, म्हणून तुमच्या पुढच्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास बसला.

मला दाखवताना म्हणालात, ‘बॉनेट उघडून सगळे वरून बघतात. या गाडीला वर जागाच जागा आहे, खाली बघू.’ ते का, हे नंतर समजावलंत. हरिकेनचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते मावावं म्हणून सीजे-३बीचं बॉनेट उंच केलं गेलं. तिथे दुसरं कुठलंही इंजिन वरून ऐसपैस दिसतं. अडचण होते ती संपची, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्याची, कारण त्याच्या खाली पुढचा अ‍ॅक्सल असतो.

मग गोणपाट टाकून तुम्ही गाडीखाली गेलात आणि मलाही बोलावलंत. टॉर्चच्या उजेडात जे दिसलं ते मी एकटा कधीच बघितलं नसतं. संप बसावा म्हणून पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे चासीच्या दोन पट्ट्या जोडणारा आडवा तुकडा, गॅसने कापला होता. त्याच्या जागी लोखंडी अँगलचे दोन तुकडे जोडून त्यावरच इंजिनाचं माउंटिंग घेतलं होतं. वेल्डिंगवर रंगाचा जाड थर, आणि एका टोकाला केसाएवढी चीर. तुम्ही तिच्यावर नख फिरवलंत आणि माझं बोट धरून मलाही फिरवायला लावलंत. खडकाळ वाटेवर एक चाक वर आणि एक खाली गेलं की चासीला पीळ बसतो, तो पेलायला हाच आडवा तुकडा असतो, आणि स्टिअरिंग बॉक्स त्याच चासीच्या पट्टीला बोल्ट केलेला असतो. ‘इंजिन कुठलंही चालतं हो, ते बसवलंय कशावर ते बघा.’ हे तुम्ही सहज बोललात. मी ते मित्रांना अजून ऐकवतो.

तिथेच आडवे पडून तुम्ही गिअरबॉक्सचा हिशेबही मांडलात. हरिकेनची ताकद ७२ हॉर्सपॉवर, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण १५५ न्यूटन मीटर. तीन गिअरचा बॉक्स, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस आणि अ‍ॅक्सल त्याच हिशेबाने बनवलेले. लो-रेशोत पहिला गिअर टाकला की इंजिनाचा टॉर्क अ‍ॅक्सलपर्यंत जवळजवळ ३७ पट होऊन पोहोचतो. इंजिन जेवढा जास्त टॉर्क देईल, तोही ३७ पट होतो, आणि मग तुटतं ते सगळ्यात कमजोर असलेलं. शिवाय डिफचा, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या गिअरचा, रेशो मूळचाच, ५.३८. ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ३,२०० फेऱ्या फिरणार. पेट्रोलला ते चालून जातं, या डिझेलला घोडबंदर रोडवर रोजचा त्रास. ट्रायल घेतली तेव्हा गायमुखच्या चढावर, ट्रॅफिकमध्ये उभं असताना टेंपरेचरचा काटा चढत गेला. फॅन रेडिएटरपासून फारच लांब होता आणि मध्ये आच्छादनही नव्हतं.

परतल्यावर तुम्ही मालकांना अगदी साधे प्रश्न विचारलेत. क्लच प्लेट कुठल्या गाडीची? वॉटर पंप कुठला? इंजिनाचं बिल आहे का? एकाचंही उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. गाडी त्यांनी अशीच तयार घेतली होती, आणि ते गृहस्थ प्रामाणिक होते असंच मला वाटतं. आरसी मागितलीत तर त्यावर इंधन पेट्रोल आणि इंजिन नंबर जुन्या हरिकेनचा.

कागदांचं मी नंतर नीट वाचून काढलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. व्हिंटेज नंबरचे नियम २०२१चे. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी तर हवीच, पण चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे ज्या इंजिनाचं एवढं कौतुक होत होतं, त्यानेच व्हिंटेज नंबरची वाट बंद केली होती. अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण. दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करताना ठाणे आरटीओत गाडी दाखवायची, तीही अशा कागदांवर.

मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते यापुढच्या गोष्टीसाठी. कोलशेतची जीप मी घेतली असती तर चासीचं, कूलिंगचं, गिअरबॉक्सचं काम तुमच्याकडेच आलं असतं. हे तुम्हाला माहीत होतं. तरी पाहणीचे ठरलेले पैसे घेऊन तुम्ही म्हणालात, ‘सोडा ही.’

आणि नंतर खारघरची दुसरी जीप दाखवल्यावर मला वाटलं होतं तुम्ही तिलाही नाही म्हणाल. रंग उडालेला, फ्लोअर गंजलेला, इंजिन तिचंही बदललेलं. पण बसवलेलं होतं पूजो एक्सडीपी ४.९०, २,११२ सीसी, ६२ हॉर्सपॉवर, म्हणजे मूळ पेट्रोलपेक्षाही कमी. महिंद्राने आपल्या एमएम ५४० जीपला दिलेलं हेच इंजिन. माउंटिंग, इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं बेल हाउसिंग, क्लच आणि गिअरबॉक्सही एमएम ५४०चेच, चासी कुठेही कापलेली नाही. आरसी बुकात आरटीओच्या शिक्क्यासह डिझेलची नोंद, आणि ब्लॉकवरचा नंबर तोच. इंजिन बंद ठेवून तुम्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबलात, पाय दाबलेला ठेवून गाडी सुरू केलीत. पेडल किंचित खाली गेलं. डिझेलला पेट्रोलसारखा व्हॅक्यूम मिळत नाही, त्यामुळे ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरसाठी आल्टरनेटरमागचा पंप चांगला असावा लागतो, तो होता. ‘पत्रा बदलता येतो, ही घ्या,’ एवढंच म्हणालात.

घेतली. फ्लोअरचं काम येत्या महिन्यात तुमच्याकडेच करायचं आहे.

आता एक विनंती. नेरुळच्या माझ्या मित्राला एक जुनी जिप्सी आवडली आहे. मूळची ९७० सीसीची, आत आता १.३ लिटरचं इंजिन आहे. त्याला मी इंजिन नंबरचा फोटो, आरसी आणि इंजिनाचं बिल मागायला सांगितलंय, आणि गाडी गार ठेवायलाही. एखाद्या रविवारी सकाळी तुम्हाला जमेल का? तुम्हाला न्यायला खारघरची जीप घेऊन येतो.

तुमचा,
ठाण्याचा एक जीपवाला