बाराव्या वाढदिवसाची भेट

अमळनेर,
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आलेल्या तुझ्या पत्राला मी आज उत्तर लिहितो आहे. तू रागावला असशील तर तो राग योग्यच आहे. आमच्याकडे सर्व ठीक. नानांचा गुडघा तसाच आहे, माझा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. प्रकृतीचा विषय एवढ्यावरच संपवतो, कारण ज्यासाठी कागद पुढे ओढला ती गोष्ट निराळी आहे आणि ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगितली तर त्याला ती कळणार नाही.

सखाराम महाराजांच्या पालखीनंतर तिसऱ्या दिवशी आमच्या दादूला बारा वर्षे पूर्ण होतात. त्याला भेट काय द्यावी, यावर घरात महिनाभर बोलणे चालू आहे आणि शेवटी दर वेळी सगळे गप्प बसतात. हिच्या मनात दुर्बीण आहे. नाना म्हणतात, मनगटी घड्याळ द्या, म्हणजे पोराला वेळ कळेल. दादूला विचारले तर तो त्याच्या गोळीबाराच्या खेळातले डायमंड मागतो, म्हणजे खरे पैसे मोजून पडद्यावरच्या सैनिकासाठी कपडे घ्यायचे. मागच्या वर्षी त्याने आईच्या फोनवरून न विचारता असे आठशे रुपये घालवले होते, हे मी तुला तेव्हा लाजेपोटी कळवले नव्हते.

फोन त्याच्या हातात मीच दिला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये दादू पहिलीत गेला तो मोबाइलच्या पडद्यावरच. त्याच वर्षी २ सप्टेंबरला पबजीवर बंदी आली, तेव्हा मी आमच्या शाळेतल्या पालकांना ब्याद टळल्याचे मोठ्या समाधानाने सांगितले होते. एक खेळ गेला आणि त्याच्या जागी दुसरे आले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो मला मनापासून पटला, पण दादूचा खेळ त्यात बसत नाही, कारण त्यात जिंकून पैसे मिळत नाहीत, नुसते जातात. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अशा नादाला आजारांच्या यादीत घातले आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यातली लक्षणे मी एका रात्री वाचत बसलो: खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, आणि हे साधारण बारा महिने टिकणे. दादू अजून शाळेत जातो, जेवतो, अभ्यासही करतो, म्हणून त्याला आजार आहे असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या लक्षणाशी माझे बोट बराच वेळ थांबले.

आता मागच्या गुरुवारची गोष्ट. रात्री साडेदहा वाजले तरी त्याच्या खोलीतून आवाज येत होता, म्हणून रागावण्याच्या तयारीने मी दाराशी गेलो. तो हेडफोन लावून पाठमोरा बसला होता. त्याचा कुणी तरी सोबती खेळात जखमी होऊन पडला असावा. अशा सोबत्याला जवळ जाऊन उठवता येते, पण त्याला काही क्षण लागतात आणि तेवढ्यात आपणच मारले जाण्याची भीती असते. दादू म्हणत होता, "हलू नको भो, मी आलो. मी आहे ना मागे."

सुभाष, मी दारातच उभा राहिलो. हे शब्द तुझे आहेत. १९९५ च्या उन्हाळ्यात, भुईमुगाच्या शेंगा तोडून साठवलेल्या पैशांत आपण दोघांनी मिळून तो टीव्ही गेम घेतला होता. तुमच्या पुढच्या खोलीत गोधडीवर मांडीला मांडी लावून आपण काँट्रा हा गोळीबाराचा खेळ खेळायचो आणि पूल कोसळायला लागला की तू नेमके हेच म्हणायचास. तीस जीव मिळवण्याची ती किल्ली, वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, तू झोपेतही पुटपुटायला लागलास, तेव्हा काकूंनी तुझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या होत्या. आबांनी मात्र त्या वेळी आपल्यामागे खुर्ची टाकून बसून शांतपणे विचारले होते की यातला सुभाष कोणता आणि तो पळतो का आहे.

आणि भांडणही आठवले. तुझे जीव संपल्यावर शेवटच्या टप्प्यात तू मला न विचारता माझा राखून ठेवलेला जीव घेतलास. खेळात तशी सोय होती हे मला मान्य आहे, पण तो जीव माझा होता, या मतावर मी आजही ठाम आहे. मग आपण वाटणी केली. खेळाचा डबा माझ्याकडे राहिला, कॅसेट आणि दोन्ही जॉयस्टिक तू घेऊन गेलास, आणि त्या आखाजीपासून पोळ्यापर्यंत ना तुला खेळता आले, ना मला.

गुरुवारी मी दादूवर रागावलो नाही. त्याची मॅच संपल्यावर आत जाऊन विचारले, की तुला गेल्या तीन वाढदिवसांना इतके सगळे आणले, त्यातले तू काहीच का वापरत नाहीस. नवव्या वाढदिवसाचा कॅरम बोर्ड माळ्यावर आहे, त्याचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा पुरता निघालेला नाही. दहाव्याला बॅडमिंटनच्या रॅकेट, अकराव्याला क्रिकेटचा पूर्ण संच, स्टंपांसह. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "पप्पा, कोणाशी खेळू?"

मी उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत उभा राहून घरे मोजली. बारा घरांत दादूच्या वयाची तीन मुले आहेत. त्यातला एक सुट्टी लागताच मामाच्या गावी जातो, एक सकाळ-संध्याकाळ शिकवणीला असतो, आणि तिसऱ्याच्या घराशी आमचे बोलणे नाही. त्याचे कारण नालीचे पाणी आहे. वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो, सहा वाजेपर्यंत पोराला बाहेर काढणे शक्य नसते. ऊन आपल्यालाही होतेच, पण तेव्हा घरोघरी चार-पाच पोरे होती आणि वीज गेली की सगळी एकदम ओट्यावर यायची. वीज गेल्यावर आपला खेळ आपोआप संपायचा, कुणाला रागवावे लागत नसे. आता इन्व्हर्टर आहे आणि खेळ संपतच नाही. शिवाय त्या खेळात चौघांची तुकडी असते, मध्येच उठणारा उरलेल्या तिघांना अडचणीत टाकतो. आई जेवायला हाक मारते तेव्हा तो "एकच मॅच" म्हणतो, ते मी आजवर उद्धटपणा समजत होतो. तो सोबत्यांना सोडून यायला तयार नसतो. या गुणासाठी मी वर्गात मुलांना शाबासकी देतो.

मी याची बाजू घेतो आहे असे समजू नकोस. त्याची झोप कमी झाली आहे, डोळे चोळत शाळेत जातो, आणि एकदा फोन काढून घेतल्यावर त्याने ताट सरकवून दिले, ते मला विसरता येत नाही. पण सगळे खेळ एका मापाने मोजणेही मला पटेनासे झाले आहे. तो माइनक्राफ्ट नावाचा ठोकळ्यांचा खेळही खेळतो आणि त्यात त्याने नानांचे शेत बांधले आहे: विहीर, बांध, गोठा, सगळे. पाण्यापासून चार ठोकळ्यांपर्यंतच जमीन ओली राहते, हे त्याने नानांना समजावून सांगितले, तेव्हा नानांनी विहिरीवरची मोटर कुठे आहे असे विचारले आणि दोघांचे त्यावर अर्धा तास बोलणे झाले. इतके बोलणे त्यांच्यात वर्षभरात झाले नव्हते. मी मात्र त्या शेतात माणसे शोधत होतो. तो म्हणाला, इथे मी एकटाच असतो.

म्हणजे दर वर्षी मी फोनला हरवण्यासाठी वस्तू आणत गेलो, दादूला काय हवे आहे ते पाहिलेच नाही. कॅरमला निदान दोघे लागतात, रॅकेटलाही दोघे, स्टंपांना गल्लीभर पोरे. दुर्बीण आणली तर तो गच्चीवर एकटाच चंद्र बघेल आणि चार दिवसांनी तीही माळ्यावर जाईल.

तुझे पत्र पुन्हा वाचले. सुरतेतल्या उधन्याच्या घराचे हप्ते संपत आले हे वाचून बरे वाटले. वहिनींचे शिवणकाम वाढले, ताईची परीक्षा चांगली गेली, हे सर्व घरात वाचून दाखवले. कारखान्यातल्या रात्रपाळीबद्दल तू दोनच ओळी लिहिल्या आहेत, त्याबद्दल भेटीत सविस्तर बोलू. धाकटा सुट्टीत दिवसभर फोनवर असतो आणि वहिनी कंटाळल्या आहेत, असेही तू शेवटी लिहिले आहेस. ती ओळ दिवाळीत मी नुसती वाचून सोडून दिली होती.

तर माझे मागणे असे आहे. धाकट्याला पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे पाठव. दादूपेक्षा तो एकाच वर्षाने लहान आहे आणि दोघे शेवटचे भेटले ते तुझ्या भाच्याच्या लग्नात, तेव्हा त्यांनी मांडवाचे दोर सोडले होते. दोघे मिळून फोनच घेऊन बसतील, ही शंका मलाही आहे. पहिले दोन-तीन दिवस तसे होईलही. पण ते एका खाटेवर बसतील, एकाची कोपरखळी दुसऱ्याला लागेल, भांडतील, आणि भांडण मिटवायला त्यांना त्याच घरात राहावे लागेल. कॅरम मी माळ्यावरून उतरवला आहे, सोंगट्या मोजल्या, एक काळी कमी आहे, ती बाजारातून आणतो. रात्री गच्चीवर अंथरुणे घालू. बोरी नदीच्या वाळवंटात सखाराम महाराजांची यात्रा भरलेली असेल, पाळणेही असतील. दादूला मी अजून काही सांगितलेले नाही, कारण तू नाही म्हणालास तर त्याला दुसऱ्यांदा वाईट वाटू नये.

उधन्याहून थेट गाडी आहे, तू स्वतः घेऊन ये आणि पालखीपर्यंत राहा. रात्रपाळीतून सुट्टी मिळणार नसेल तर कळव, मी येऊन त्याला घेऊन जातो. त्याला आपल्याकडची शेवभाजी तिखट लागते का, तेवढे वहिनींना विचारून लिही, म्हणजे हिला त्याच्यापुरती वेगळी करता येईल.

काकूंना नमस्कार, ताईला आशीर्वाद.

तुझा,
रमेश