आईची पाण्याची बाटली

नाशिक, रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, पत्र तुम्हीच वाचा, पण मोठ्याने, आणि मधलं काही गाळू नका. आईचा चष्मा अजून दुकानातच आहे.

आई, तू शोधत असशील ती निळी बाटली माझ्याकडे आहे. निघताना तू देवापाशी होतीस, तेव्हा पिशवीत घातली. मागितली असती तर दिली नसतीस. तुझ्या वाढदिवसाला ती मीच पाठवली होती, 3 लिटरची, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंतच्या खुणांची. वर फोनवर म्हटलं, 'भरपूर पाणी पी, वजन आपोआप उतरेल.' हॉस्पिटलात माझ्याकडे बघत तू 'कुणाची गं तू?' विचारलंस, तेव्हापासून ते वाक्य मला झोपू देत नाही.

डॉक्टर बोलत होते तेव्हा तू गुंगीत होतीस, म्हणून पुन्हा लिहिते. रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातून मिळतं ते, 135 ते 145 असावं लागतं. तुझं 121 वर आलं होतं. तुझ्या बीपीच्या गोळीने ते लघवीवाटे जात होतं, जेवण तू काकडी आणि अळणी मुगावर आणलं होतंस, आणि वरून रोज दीड बाटली पाणी. तरुणपणी मूत्रपिंडं जादा पाणी झटपट बाहेर टाकतात, तुझ्या वयात त्यांना ते तितकं जमत नाही. उरलेलं सोडियमही त्या पाण्यात पातळ झालं. तोल जाणं, मळमळ, माणसं न ओळखणं, सगळं त्यातूनच. तू हातात घेतलेलं काम अर्धवट सोडत नाहीस, म्हणून मी दिलेल्या खुणा तंतोतंत पाळल्यास. चूक तुझी नव्हती.

पाण्याने वजन उतरतं हे अगदीच खोटं नाही, म्हणून तर मीही फसले. अमेरिकेत व्हर्जिनियात 2010 साली छापून आलेला एक अभ्यास आहे. 55 ते 75 वयाची 48 माणसं, 12 आठवडे. निम्म्यांनी प्रत्येक मुख्य जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायलं, आणि त्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा साधारण 2 किलो जास्त उतरलं. पण आई, मोजून-मापून जेवण दोन्ही गटांना होतं. पोट आधीच थोडं भरलं की घास कमी जातात, एवढंच पाण्याचं काम. गरम पाण्याने चरबी विरघळते हे तुझ्या भिशीतल्या बायका सांगतात ना, ते होत नाही. अर्धा लिटर साधं पाणी अंगाच्या उष्णतेपर्यंत यायला 7-8 कॅलरी लागतात, अर्ध्या मारी बिस्किटाएवढ्याही नाहीत.

फायदा आहे तो साखरेच्या जागी पाणी आलं तर. तुझे दिवसाचे पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे जवळजवळ 50 ग्रॅम साखर, 200 कॅलरी. त्यातले तीन कप सोड. गुडघ्यासाठी तुला फार उतरवायचंही नाही. 1 किलो कमी झाला तरी पावलागणिक गुडघ्यावरचा 4 किलोंचा भार हलका होतो.

आता दुसरी गोष्ट. आई, रागावू नकोस. येत्या गुरुवारी सुतार येणार आहे, तुमचा पलंग वरून आजीच्या खोलीत आणायला. मी त्याला पैसे देऊन आले आहे. रात्री तीन-तीनदा उठून तू तो जिना अंधारात उतरायचीस, हे बाबांनी मला हॉस्पिटलात सांगितलं. आजीच्या खोलीला लागूनच संडास आहे, तिथे धरायला दांडेही बसवून घेतेय. खिडकीतून घाट दिसतो, सकाळचं ऊन येतं, तुझा रेडिओ कोनाड्यात मावतो, मी मोजून पाहिलंय. वरची खोली मोडत नाहीये, तुझी शिलाई मशीन तिथेच राहील. आजीची आठवण येईल म्हणून तू त्या खोलीत फार वेळ थांबत नाहीस, तेही मला माहीत आहे. पहिले चार दिवस मी तिथे तुझ्याजवळ गादी टाकून झोपेन.

शाळेतून धावत आले की मी माठाकडे झेपावायची. तू हात धरायचीस. 'आधी बस. दम खा. गुळाचा खडा तोंडात टाक, मग घोट-घोट पी.' तुझ्या पदराने कपाळ पुसून झाल्याशिवाय भांडं हातात मिळायचं नाही. एवढं सगळं तुला ठाऊक असताना मी तुला बाटली पाठवली.

बाबा, आता तुमच्यासाठी. डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटर सांगितलंय, तांब्याने मोजून द्या, चहा-ताक त्यातच धरून. भीतीने त्याहून कमीही करू नका. जुनी बीपीची गोळी बंद आहे, डब्यातून काढून टाका, 'वाया जाईल' म्हणून ठेवू नका. सोमवारी रक्त तपासायचं आहे, लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त नेईल. आई गोंधळल्यासारखी वाटली, डोकं दुखलं, उलटी झाली, तर मला फोन करत बसू नका, आधी तिला गाडीत घाला. आणि तुमचंही जेवण वेळेवर होऊ दे. तिच्या काळजीत तुम्ही दोन दिवस नुसत्या पोह्यांवर काढलेत.

बुधवारी रात्री पोचते. आई, चहा बिनसाखरेचा ठेव, मीही तोच घेईन.

तुमची,
मनू