गुरुजी, पहिलं पान तुमच्यासाठी कोरं ठेवलंय

आदरणीय गुरुजींना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र घरच्या पत्त्यावर धाडलं असतं तर तुम्ही वाचून, घडी घालून डायरीत ठेवलं असतं आणि कुणाला सांगितलंही नसतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावातून बेळगाव शहरात, पुण्याला, गोव्याला पांगलेली तुमची मुलं हे वाचतील. त्यांच्याही मनातलं यात थोडंफार असेल.

परवा पाऊस असा कोसळत होता की पत्र्यावरच्या आवाजात माझं बोलणं दुसऱ्या रांगेपर्यंत पोचेना. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीकडून निघालेला पाऊस आपल्याकडे कसा येतो, ते तुम्हाला काय सांगायचं! मी खडू खाली ठेवला आणि मुलांना म्हटलं, "आता लिहू नका, नुसतं ऐका." बोलून गेले आणि तशीच उभी राहिले. हे वाक्य तुमचं होतं.

मी तिसरीत होते तेव्हा. असाच पाऊस, असेच पत्रे. तुम्ही आम्हाला बराच वेळ ऐकायला लावलंत आणि मग विचारलंत, पाऊस कसा पडतो आहे? आम्ही झिमझिम, रिपरिप असे पुस्तकातले शब्द सांगितले. तुम्ही म्हणालात, "हे झालं पुस्तकाचं. घरी काय म्हणतात?" मग कुठून कुठून शब्द निघाले. मिरगाचा पाऊस, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, झड, शिरवं. फळा भरून गेला. घरी कन्नड बोलणारी एक मुलगी मागच्या बाकावर बसायची. ती हळूच म्हणाली, "मळे." कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस. सगळा वर्ग हसला, कारण आमच्या लेखी मळे म्हणजे उसाचे, मिरचीचे. तुम्ही मात्र वळून फळ्यावर लिहिलंत,

मळे आली, मळे भिजले.

आणि टाळीच्या ठेक्यावर ती ओळ आधी तिच्याकडून, मग आम्हा सगळ्यांकडून म्हणून घेतलीत. गावाच्या पाटीवर मराठी अक्षरं असावीत की कन्नड यावरून मोठी माणसं जिथे वर्षानुवर्षं भांडत आली, तिथे एक लाजरी पोर त्या दिवशी वर्गाची कवयित्री झाली. ती पुन्हा कधी मागच्या बाकावर बसली नाही.

माझा नंबर लागला ओव्यांच्या वेळी. आजीला विचारून जात्यावरची एक ओवी लिहून आणा, असा अभ्यास दिला होतात. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. आधी ती म्हणाली, "गुरुजीस्नी दुसरं काय काम न्हाई काय?" आणि मग चुलीपुढं बसून एकामागून एक ओव्या म्हणत राहिली. मी एक लिहून घेतली, पण तिचा 'बंधवाची' हा शब्द मला गावंढळ वाटला. शाळेत न्यायचं म्हणून तो खोडून मी 'भावाची' केलं. वर्गात ओवी म्हणताना टाळी चुकली. पुन्हा म्हटली, पुन्हा चुकली. तुम्ही वही हातात घेतलीत, खाडाखोड पाहिलीत आणि विचारलंत, "आजी असंच म्हणाली?" मी मान खाली घातली. मग तुम्ही बोटांवर मात्रा मोजून दाखवल्यात. बंधवाची सात, भावाची सहा. "एक मात्रा तू घरीच विसरून आलीस. जा, आजीचा शब्द परत आण."

गुरुजी, आज मी जी कोण आहे ती त्या एका मात्रेपासून झाले, असं मला मनापासून वाटतं. घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवायची, असंच तोवर मी समजत होते. त्या संध्याकाळी आजीला सांगितलं की तुझा शब्द बरोबर होता, माझा चुकला. तिनं डोळ्याला पदर लावला. तिला असं कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

त्याच वर्षी तुम्ही आम्हाला टेम्पोत घालून कडोलीच्या साहित्य संमेलनाला नेलंत. एका खेड्यानं भरवलेलं संमेलन, ग्रंथदिंडी, आणि दिंडीत लेझीम खेळणारी आमच्याएवढी मुलं. परतीच्या वाटेवर तुम्ही इंदिरा संतांबद्दल बोलत होतात. त्या इथेच बेळगावात राहिल्या, इथेच शिकवलं, आणि त्यांच्या 'गर्भरेशीम' या कवितासंग्रहाला १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मग धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांबद्दल सांगितलंत. घरात मराठी, कविता कन्नड, १९७३ चं ज्ञानपीठ, आणि तेही शिक्षकच. त्या वयात ती नावं मी विसरूनही गेले असते. पण कविता लिहिणारी माणसं आपल्याच गाडीवाटेवर राहतात, हे कळल्याचा आनंद अजून अंगात आहे.

टेम्पोचे पैसे कुठून आले ते मला फार उशिरा, तुमच्या घरच्यांकडून कळलं. तुमचा कवितासंग्रह छापायला म्हणून बाजूला ठेवलेले होते ते. संग्रह त्या वर्षी निघाला नाही, पुढंही कित्येक वर्षं निघाला नाही. तुम्ही रात्री कंदिलाशी बसून लिहायचात आणि सकाळी आम्ही यायच्या आधी आमच्या ओळी स्वच्छ अक्षरात वर्गाच्या हस्तलिखित अंकात उतरवायचात. त्याबद्दल आभार कसे मानतात ते मला खरंच येत नाही. तरी मानते.

आता मीही सरकारी मराठी शाळेत शिकवते. वर्गात एकोणीस मुलं आहेत. काहींच्या घरी कन्नड आहे, काहींच्या घरी कोकणीकडे झुकणारी मराठी. यंदा आम्ही हस्तलिखित काढतो आहोत. चौथीतल्या एका मुलानं पावसावर लिहिलंय, त्यात त्याच्या आजीचे तीन शब्द आहेत. एकही मी बदललेला नाही.

दसऱ्याच्या सुट्टीआधी अंक शिवायचा आहे. पहिलं पान कोरं ठेवलंय. तुमची एक कविता पाठवा, गुरुजी, तुमच्याच अक्षरात, आणि टपालानंच पाठवा. आपल्या वर्गाच्या नावानं पत्र घेऊन पोस्टमन येताना मुलांनी अजून पाहिलेला नाही.

तुमची विद्यार्थिनी