‘अंगठा ठेवा’ म्हणणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझी १९५८ सालची मॉरिस मायनर स्वतःच्या इंजिनावर पहिल्यांदा फाटकाबाहेर पडली, तेव्हा तुम्ही शेजारच्या सीटवर बसला होतात आणि माझ्या तोंडून धड एक शब्द निघाला नाही. आवाज फुटत नव्हता हे खरे. शिवाय गिअर बदलता बदलता बोलण्याइतका माझा हात अजून बसलेला नाही. जे त्या दिवशी बोलायचे राहिले ते आता लिहितो आहे, आणि चार लोकांनाही ते वाचता यावे म्हणून उघडपणे लिहितो आहे. तुमचे नाव मात्र मुद्दामच घालत नाही, कारण ते छापलेले तुम्हाला आवडणार नाही, एवढे मी तुम्हाला ओळखतो.

तुमची भेट होण्याआधीची दोन वर्षे आठवली की अजूनही मन कडू होते. गाडी घेतली तेव्हा मला पाना कोणता आणि पक्कड कोणती एवढेच कळत होते. जुनी गाडी घेणाऱ्या नवशिक्याची पहिली गाठ गंजाशी पडते, असे सगळे सांगत होते. माझी पडली ती जाणकार म्हणवणाऱ्या माणसांशी. पहिल्या मेकॅनिकने साफसफाईसाठी डेल्को, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, उतरवला, प्लगकडे जाणाऱ्या वायरी काढल्या, सगळे परत बसवले, आणि त्यानंतर गाडी सुरूच होईना. इंजिन फिरवायचे हँडल समोरून मारले की कार्बोरेटरमधून फाडकन आवाज यायचा आणि पुन्हा सामसूम. त्याने दोन दिवस डोके खाजवले आणि निकाल दिला, की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, संपले आहे, इंजिन उतरवावे लागेल. कॉम्प्रेशन संपले हे कशावरून ठरवले, असे मी विचारले, तर म्हणाला, ‘‘तुम्हाला नाही कळायचे ते.’’ दुसऱ्याने न उघडताच सगळे वायरिंग बदलायला सांगितले. तिसरा पत्र्याचे काम करणारा होता. बॉनेटच्या मधोमध समोरून मागेपर्यंत जी रुंद उठावाची पट्टी जाते, तिला तो कोणीतरी केलेले वाईट डेंटिंग समजला आणि ‘‘पुट्टी भरून एकसारखे करून देतो’’ म्हणाला. मी नेमका त्याच वेळी तिथे पोहोचलो, ही माझ्या बॉनेटची पुण्याई.

त्या पट्टीची गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती. गाडीचा आराखडा करणाऱ्या ॲलेक इसिगोनिस यांना तयार झालेला नमुना डोळ्यांना अरुंद वाटला, तेव्हा त्यांनी तो मधोमध उभा कापायला लावला, दोन्ही अर्धुके चार इंच दूर सरकवली, आणि तीच रुंदी नजरेत भरली म्हणून कायम केली. १९४८ साली गाडी लोकांसमोर आली ती ही पट्टी घेऊनच. ज्याला ती दोष वाटली त्याच्या हाती माझी गाडी महिनाभर होती, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा हत्यारांची पेटी सोबत नव्हती. गाडीभोवती एक फेरी मारून तुम्ही एवढेच विचारलेत, की शेवटची कधी चालली आणि त्यानंतर कोणी काय काय उघडले. इतके साधे, पण दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. मग तुम्ही चारही प्लग काढायला लावलेत, आणि मला वाटले की आता तुम्ही स्वतः काहीतरी तपासाल आणि मी नेहमीप्रमाणे बाजूला उभा राहून मान डोलावीन. तुम्ही मात्र हँडल घेऊन गाडीच्या पुढे गेलात आणि म्हणालात, ‘‘इकडे या. एक नंबरवर अंगठा ठेवा. घट्ट.’’

काका, या पत्राचे खरे कारण ते चार शब्द आहेत.

पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकाची कड थंड होती, आतले आटे बोटाला जाणवत होते. तुम्ही हँडल सावकाश फिरवू लागलात. आधी अंगठ्याखालची कातडी किंचित आत ओढली गेली. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग खालून दाब येऊ लागला, वाढत गेला, मी सगळा जोर लावूनही अंगठा उचलला गेला आणि ‘फुस्स’ करून हवा बाहेर पडली. ‘‘आला दाब?’’ ‘‘आला.’’ ‘‘मग इंजिन गेले कसे म्हणतात?’’ एवढेच तुम्ही बोललात. दोन वर्षे ज्या इंजिनाच्या मरणाची बातमी मी वागवत होतो, ते माझ्याच अंगठ्याला ढकलत होते.

त्यानंतर तुम्ही पुलीवरची खाच दाखवलीत, जी पिस्टन टॉपला आला की समोरच्या टोकदार खुणेशी जुळते. तुम्ही हँडलचा आणखी एक पूर्ण फेरा दिलात. खाच पुन्हा त्याच जागी आली, पण या वेळी अंगठ्याखाली काहीच जाणवले नाही. ‘‘खूण दोनदा येते, दाब एकदाच येतो,’’ असे तुम्ही म्हणालात आणि मला चार स्ट्रोकचे इंजिन त्या एका वाक्यात कळले. क्रँक, म्हणजे हँडलने फिरतो तो मुख्य दांडा, दोन फेरे घेतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एकच घेतो, आणि डेल्को चालतो कॅमच्या चालीने. त्यामुळे नुसत्या खुणेवर भरवसा ठेवून वायरी लावल्या तर निम्म्या वेळा माणूस बरोबर असतो आणि निम्म्या वेळा पूर्ण उलटा. पहिला मेकॅनिक दुसऱ्या निम्म्यात सापडला होता. इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागायच्या वेळेस ठिणगी पडत होती, म्हणून तो फाडकन आवाज कार्बोरेटरमधून यायचा. एक आणि चारच्या वायरींची अदलाबदल, दोन आणि तीनच्या वायरींची अदलाबदल, बस. नवा सुटा भाग एकही लागला नाही.

तुम्ही स्वतःचा अंगठा ठेवला असता तर अर्ध्या मिनिटात तुम्हाला सगळे समजले असते, वायरी बदलून तुम्ही गाडी सुरू करून दिली असती आणि मी तेवढ्याच आनंदाने तुमचे पाय धरले असते. पण मग गाडी तुमच्या ज्ञानावर चालली असती, आणि पुढच्या वेळी बंद पडल्यावर मी पुन्हा कोणाच्या तरी दारात हात जोडून उभा राहिलो असतो. आधीच्या तिघांनी मला माझ्याच गाडीपासून दोन हात लांब ठेवले होते. तुम्ही माझा हात धरून तो थेट सिलिंडरवर नेऊन ठेवलात.

हँडल माझ्या हातात देतानाही तुम्ही आधी माझी मूठ सोडवलीत आणि अंगठा उचलून इतर बोटांच्याच बाजूला ठेवलात, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडलभोवती गुंडाळलेला अंगठा मोडतो. एका दिवसात एका अंगठ्याचे दोन उपयोग मी शिकलो. (डेल्को हे नाव कुठून आले, हेही त्याच संध्याकाळी कळले. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी काढलेल्या कंपनीच्या नावाची ती आद्याक्षरे, आणि त्याच केटरिंग यांच्या स्टार्टरमुळे १९१२ पासून कॅडिलॅकवाल्यांचे हँडल सुटले. माझ्या गाडीत तो भाग ल्युकस या इंग्लिश कंपनीचा आहे, तरी तुम्ही त्याला डेल्कोच म्हणता आणि आता मीही तेच म्हणतो.)

तुमची आणखी एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. ब्रेकच्या तेलाची टाकी कुठे आहे असे मी विचारले, तेव्हा तुम्ही बॉनेटखाली पाहिलेत, थोडे थांबलात आणि म्हणालात, ‘‘या गाडीचे मला ठाऊक नाही. पुस्तकात बघू.’’ मग चष्मा लावून, बोट ओळीवर ठेवून तुम्ही मॅन्युअल वाचलेत, आणि ती निघाली ड्रायव्हरच्या पायांखाली, गालिचा उचलल्यावर दिसणाऱ्या झाकणाच्या आत. आधीच्यांपैकी एकाने ‘‘ब्रेक तपासले आहेत, उत्तम आहेत’’ असे छातीठोक सांगितले होते. त्या गालिच्यावरची धूळ मात्र काही वेगळेच सांगत होती. ‘मला ठाऊक नाही’ हे चाळीस वर्षे पाने चालवलेल्या माणसाने नवशिक्यासमोर म्हणावे, यात केवढा सज्जनपणा आहे हे मला तोवर माहीत नव्हते. अशी माणसे जिथे असतात तिथे शिकणाऱ्याला प्रश्न विचारायची लाज वाटत नाही. उरलेल्या ठिकाणी माणूस पैसे मोजतो, वर ओशाळतो.

आणि ती बॅटरी. या गाडीत प्लस टोक बॉडीला जाते हे विसरून, हल्लीच्या गाड्यांच्या सवयीने मी ती उलटी जोडली, आणि तुम्हाला फोन करताना माझी जीभ जड झाली होती. तुम्ही ओरडाल असे वाटले होते. तुम्ही आलात, डायनामोचे जे करायचे ते केलेत आणि बॅटरीच्या ट्रेशेजारी पत्र्यावर खडूने अधिकची एक मोठी खूण काढलीत. गाडी धुताना तेवढा भाग मी कोरडा ठेवतो.

तुम्ही सांगितलेली वही मी घातली आहे. पुढच्या चाकांच्या ट्रनियनना, म्हणजे चाक ज्यांवर वळते त्या आट्यांच्या सांध्यांना, ग्रीस कधी दिले हे तिच्या पहिल्याच पानावर तारखेनिशी आहे. तिथले आटे कोरडे पडून झिजले तर चाक मडगार्डखाली दुमडते, हे तुम्ही ज्या शांतपणे सांगितलेत त्याने माझी त्या रात्रीची झोप उडाली होती. डेल्कोतल्या पॉइंटची फट फिलर गेजने, म्हणजे मोजक्या जाडीच्या पातळ पातीने, मीच बसवली. काल टॅपेटही केले, म्हणजे आठही व्हॉल्व्ह आणि त्यांना दाबणारे रॉकर यांच्यामधली फट बसवली, थंड इंजिनावर, बारा थाऊ (इंचाचे बारा हजारांश), एकेक व्हॉल्व्ह पुरता बंद आहे याची खात्री करून. सात गप्प झाले आहेत. आठवा अजून टिकटिकतो, आणि चूक माझ्या हाताची आहे की रॉकरच झिजला आहे, हे माझ्या कानाला ठरवता येत नाही.

सवड झाली की या. प्लग काढून ठेवतो. या वेळी हँडल मी मारीन.

आपला कृतज्ञ,
हिरव्या मॉरिसचा मालक