चितळी आजारी आहे

निफाड
6 जानेवारी, रात्री

प्रिय दत्त्या,

दिवाळीपासून तू फोन करतोस आणि मी ‘बागेत आहे, नंतर करतो’ म्हणून ठेवतो. शिव्या घालायच्या तर घाल, पण आधी हे वाच. फोनवर बोलण्यासारखं नाही. मी फोन घेतला की ही कान देते, पिंट्या कान देतो आणि चहा होईस्तोवर बातमी नाशकात आईपर्यंत पोचलेली असते. म्हणून कागद घेतला.

तब्येती ठीक. माझी शुगर काठावर, हिचे गुडघे तसेच. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ती ताईकडे आहे. पट्टी निघाली, थेंब चालू.

चितळी आजारी आहे.

दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर म्हणेल, मग रस्सा करा. गण्या म्हणालाच. पण माईंनी पदरात बांधून दिलेल्या त्या अंड्यांपासून आमच्या दारात जे गोत वाढलं, त्यातली ही शेवटची. बाकीच्यांत गिरिराज, वनराज असल्या सुधारित जाती मिसळून गेल्या. पिंट्याने आणलेल्या त्या थोराड तांबड्या कोंबड्या अंडी देतात, पण रवणीला, अंडी उबवायला, बसायचं नाव नाही. खुडूक होते ती हीच. आणि झाली कधी, तर मार्गशीर्षात. आईने नाशकाला निघता निघता तिच्याखाली अंडी ठेवली, ‘एकविसाव्या दिवशी बघ’ म्हणाली आणि गाडीत बसली. मी म्हटलं, थंडीत कशाला? तर म्हणे, ‘तिला कळतं, तू तुझ्या घडांकडं बघ.’ नऊ पिल्लं निघाली. एक मांजराने नेलं, आठ आहेत.

तुला थंडीचं काय सांगू! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा पेपरात रोज येतो, यंदा पाच-सहाच्या आसपास रेंगाळतोय. पुण्यात तुम्ही बारा अंशाला कानटोपी घालून फोटो टाकता, तेवढं बंद करा. द्राक्षात आत्ताच पाणी उतरायला लागलंय, अशात गारठा वाढला की मणी तडकतात, पिंक बेरी येते, म्हणजे मणी गुलाबी पडतात. त्यामुळे पहाटे ठिबक सोडायचं, बांधाला शेकोट्या पेटवून धूर धरायचा, हेच चाललंय. कोंबड्यांकडे पिंट्या बघत होता.

आणि पिंट्याने बघितलं म्हणजे काय केलं, तर कुठल्याशा बर्फातल्या देशातला व्हिडिओ लावला आणि खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली. वरून सुतळी. फटीत चिंध्या. वेल्डमेशच्या जाळीचं एक भोक दिसू नये असं काम. उसात बिबट्या आहे, शेजारच्या मळ्यातलं कुत्रं नेलंय, म्हणून दार तर रात्री लावावंच लागतं. पण आपण जाळी मारली होती ती वारा खेळावा म्हणूनच ना? बिबट्याही अडतो आणि हवाही जाते. पोरगं कौतुकाने म्हणालं, काका, आत एकदम उबदार आहे.

होतंच उबदार. परवा सकाळी मी स्वतः दार उघडलं तर डोळ्यांत पाणी आलं. तोच वास, दत्त्या. आपल्या शेडमधला. ओली शीट आणि कोंडलेली हवा. वरच्या पत्र्याला आतून हात लावला तर तळवा चिंब झाला. रात्रभरचा सगळ्यांचा श्वास पत्र्याला जाऊन गार होत होता आणि थेंब थेंब खाली, कोंबड्यांच्याच पाठीवर. चितळी कोपऱ्यात, मान आत ओढून, पिसं फुगवून. पिल्लं पोटाखाली. एक डोळा मिटलेला, कडेला फेस. उचलून कानाशी धरली तर छातीत घुरघुर.

पहिलं मनात आलं ते मानमोडी, कोंबड्यांचा तो राणीखेत रोग. कारण सांगतो, आणि हसू नकोस. गावात लस द्यायची म्हणजे शंभर-शंभर डोसची कुपी, एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. कुणाच्या दारात आठ कोंबड्या, कुणाच्या बारा. म्हणून आळीतल्या सगळ्यांचा मेळ घालून मीच थर्मासात बर्फ घालून कुपी आणतो. (गण्याला वाटलं आइस्क्रीम आहे, ग्लास घेऊन आला.) पण आईचं ठाम मत, टोचलं की कोंबडी रवणीला बसत नाही. दर वेळी लसीच्या दिवशी चितळी कशी कोण जाणे घरातच नसते. मागल्या वेळी ती न्हाणीघरात पाटीखाली होती हे मला नंतर कळलं. आईपुढे काय बोलणार?

म्हणजे बाकीच्यांना लस, पिल्लांच्या डोळ्यात सातव्या दिवशी लासोटाचा, त्याच रोगाच्या लसीचा, थेंब, आणि नेमकी हीच कोरी.

दवाखान्यातल्या साहेबांना घेऊन आलो. मी चितळीला पुढे धरली तर म्हणाले, ‘कोंबडी नंतर, आधी खुराडं दाखवा.’ आत डोकं घातलं आणि खोकतच बाहेर आले. मग तिची मान बघितली, सरळ आहे. शीट बघितली, हिरवी नाही. पायात लटपट नाही. म्हणाले, आज तरी मानमोडीचं लक्षण नाही, हे वासाने आणि ओलीने धरलंय, बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. पाण्यातून द्यायची पावडर दिली. ‘आज तरी’ म्हणाले बघ. तेव्हापासून मी दर तासाला तिची मान बघतोय. वाकडी वाटली की काळजात धस्स होतं, आणि ती नुसती पाठ खाजवत असते.

तू म्हणशील, एका कोंबडीसाठी एवढं? पण तुला-मला 2006 कळतं, इतरांना नाही कळत. नवापूरच्या बर्ड फ्लूची बातमी आली तेव्हा आपल्या शेडमध्ये एक पक्षी शिंकला नव्हता आणि तरी आपण बुडालो. खाद्य चालू, वजन वाढतंय आणि घ्यायला काळं कुत्रं येईना. फेब्रुवारीच्या सुरुवातीला व्यापारी गाडी घेऊन दारात उभा असताना ‘अजून दोनशे ग्रॅम चढू दे’ कोण म्हणालं, यावर मी आता या वयात भांडणार नाही. तू म्हणालास. वहिनींना विचार, त्यांनाही पाठ आहे. त्यानंतर तू चाकणला गेलास, मी बागेत शिरलो, आणि कोंबडी पाळायची तर आईने पाळावी, मी बघणार नाही, असं ठरवून टाकलं ते आजवर चाललं. 2021 च्या जानेवारीत परभणीकडे मुरुंब्याला कोंबड्या मेल्या तेव्हाही आईच रात्र रात्र जागी होती, मी नव्हे.

आता माझी पाळी. गण्या आणखी तेल ओततो. नांदूरमधमेश्वरला यंदा पाखरं भरपूर, थापटे, तलवार बदकं, पाहावं तिकडे. 2020 साली ‘रामसर’चा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, मान मिळाल्यापासून रविवारी गाड्यांची रांग असते, एवढ्या मोठ्या लेन्सा. गण्या येऊन हळूच विचारतो, ‘धरणाकडचं पाणी तर नाही ना पाजलं?’ बोअरचं पाजतो रे बाबा, आणि दाण्याच्या ताटावर रानपाखरू बसू नये म्हणून जाळीही टाकलीय. पण त्याने विचारलं की माझी झोप उडते.

ताडपत्री मी त्याच दिवशी फाडली. वाऱ्याच्या बाजूची, उत्तरेकडची, तेवढी ठेवली, बसायच्या फळीपर्यंत. वर पत्र्याखाली चार बोटं मोकळं सोडलं, म्हणजे वारं अंगावर येत नाही आणि वाफ वरच्या वर निघून जाते. जुना भुसा काढला तर तळाशी नुसता चिखल. भाताचं तूस टाकलं चांगलं वीतभर, खाली चुना. बसायला गोल बांबू होता तो काढून फळी आडवी टाकली, रुंद बाजू वर. आता बसल्या की पायाची बोटं पोटाच्या पिसांत झाकली जातात. पिंट्या बघत उभा. म्हणे, काका, गार लागेल त्यांना. म्हटलं, त्यांचं अंग 41 अंशाचं आहे, तुझ्यापेक्षा गरम. कोरड्या असल्या तर कुंदेवाडीची थंडी त्यांना काही करत नाही. संध्याकाळी मूठभर मका जास्त टाक, रात्रभर पोटात भट्टी चालते. आणि सकाळी कोमट पाणी ठेव, गारेगार असलं की त्या चोच लावत नाहीत.

एवढं सगळं माझ्या तोंडून निघतंय हे ऐकून ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘तुम्हाला येतं की सगळं!’ म्हणाली. मी काय बोलणार.

पिल्लांचं मात्र अवघड झालं. चितळी ओसरीवर डाल्याखाली एकटी, मग पिल्लांना ऊब कुणाची? तांबड्या त्यांना चोची मारतात. शेवटी पत्र्याचा गोल करून मधल्या खोलीत ठेवली. गोलच केला, कोपरा मिळाला की एकावर एक चढून खालची गुदमरतात, ते आपण बघितलंय. पण बल्ब? दत्त्या, आता साठचा पिवळा बल्ब मिळत नाही रे. सगळीकडे एलईडी, लखलखाट नुसता, उबेच्या नावाने शून्य. निफाड पालथं घातलं, शेवटी पिंपळगावात एका जुन्या दुकानदाराने माळ्यावरून एकच काढून दिला, वर धूळ इंचभर. तो गेला तर संपलं. लाइट जाते तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. शेगडीचं नाव काढू नकोस. त्या भुशाच्या शेगडीने शेडमध्ये आपली डोकी कशी धरली होती, तुला ओकारी झाली होती, ते विसरलो नाही मी.

थर्मामीटर आहे, पण मी पिल्लांकडेच बघतो. बल्बखाली गोळा होऊन ओरडली की बल्ब वीतभर खाली. लांब जाऊन चोच उघडून बसली की वर. पसरून, पाय ताणून झोपली की मी झोपायला मोकळा. दव वाळल्याशिवाय अंगणात सोडत नाही, एकदा पोटाखालची लव भिजली की संपलं.

आता खरी अडचण. आई रोज संध्याकाळी फोन करते. माझी चौकशी नाही, बागेची नाही. ‘चितळी काय करती?’ मी म्हणतो, बरी आहे. काल म्हणाली, ‘फोन अंगणात ने.’ नेला. तांबड्या कलकलल्या, कोंबडा आरवला. आई गप्प. मग म्हणते, ‘पिल्लांची आई असली की सारखी क्लक-क्लक चालती. ती का ऐकू येईना?’ म्हटलं, लांब आहे, उकिरड्याकडे. ‘एवढ्या गारठ्यात? संध्याकाळची?’ मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

सांगितलं तर काय होणार तुला माहीत आहे. ती उद्याच्या पहिल्या एसटीने येणार. डॉक्टरांनी धूर, धूळ, वाकणं, सगळं बंद सांगितलंय. इथे पहाटे शेकोट्यांचा धूर, खुराड्यात तुसाची धूळ, आणि ती चितळीला मांडीवर घेऊन बसणार. पहिल्या डोळ्याच्या वेळी तिने काय केलं होतं, आठवतंय ना, चुलीपुढे? नाही सांगितलं आणि चितळीचं बरंवाईट झालं तर मला घरात तोंड दाखवायची सोय नाही. ‘माईंची एक गोष्ट सांभाळता आली नाही’ हे तिने उच्चारलंच पाहिजे असं नाही, नुसतं खुराड्याकडे बघितलं तरी पुरे.

आज चितळी थोडं पाणी प्यायली. भाकरी दुधात कुस्करून दिली, दोन-तीनदा चोच मारली. डोळा उघडला, फेस आहे अजून. शिंकते. मान सरळ.

माझं एक काम कर. तू फोन कर आईला. तुझा फोन आला की ती खूश होते आणि तुला ती उलट प्रश्न विचारत नाही. सरळ सांग की चितळीला सर्दी झालीय, औषध चालू आहे, आणि माई थंडीत आजारी कोंबडीला काय द्यायच्या ते जरा सांगा, आम्हाला आठवत नाही. एकदा सांगायला बसली की तिचा हात वर राहील आणि एसटी पकडायचं डोक्यात येणार नाही. मला खरोखरच हवंय ते. लसणाचं काहीतरी होतं आणि मिरी. हळद मी आधीच घातलीय.

तुझ्या पोरीच्या नोकरीचं काय झालं? मुलाखत झाली म्हणालास त्यापुढे मी विचारलंच नाही. वहिनींची पाठ? पट्टा लावत नसतील, लावायला सांग. घराचे हप्ते संपले का, की अजून आहेत?

अंड्यांचं विचारू नकोस. पौषात गिऱ्हाईक दारात रांग लावतं आणि कोंबड्या पिसं टाकून बसल्यात. पिंट्या म्हणतो, पहाटे दिवा लावू, उजेड वाढला की घालतील. खरं आहे ते. पण आई म्हणते, वर्षभर घातलं, आता बसू दे तिला. यावर आमच्या घरात मतदान झालं तर आई एकटी जिंकेल.

संक्रांतीला येतोस का? बाग दाखवतो, आणि ते दोनशे ग्रॅमचं एकदा वहिनींसमोर मिटवून टाकू.

तुझा,
बाळ्या

ता. क. येताना पुण्यात कुठे मिळाले तर पिवळे बल्ब आण, साठचेच. शंभरचा नको, पिल्लं भाजतील. आणि फोन उद्याच कर, संध्याकाळी सहाच्या आत. सहाला तिचा मला येतो.